ड्युटी सांभाळून घरबसल्या शिकायचंय? ठाणे-नवी मुंबईतल्या सिस्टर, ब्रदर, आशा ताई, सीएचओ (उपकेंद्रातले कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) आणि बाकी सगळ्यांचे नेहमीचे प्रश्न

ठाण्याचं सिव्हिल असो, कळव्याचं हॉस्पिटल असो, वाशी-ऐरोली-नेरूळची महापालिकेची हॉस्पिटलं असोत नाहीतर घोडबंदर रोडवरचं एखादं वीस खाटांचं नर्सिंग होम, शिफ्ट बदलताना आणि कॅन्टीनमध्ये प्रश्न तेच ते येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय. मी नर्सिंगमधली आहे त्यामुळे उत्तरं थोडी नर्सिंगकडे झुकतील, समजून घ्या.

डिस्टन्सने नर्स होता येतं का? स्टेशनबाहेर तर पत्रकं वाटतात, "सहा महिन्यांत घरबसल्या नर्सिंग".

नाही. हे सगळ्यात आधी लिहितेय कारण पैसे इथेच बुडतात. एएनएम आणि जीएनएम हे नर्सिंगचे डिप्लोमा आणि बीएस्सी नर्सिंग ही पदवी, या तिन्हीला कॉलेजात बसावं लागतं आणि वॉर्डात उभं राहावं लागतं, त्याशिवाय नर्सिंग कौन्सिलमध्ये रजिस्ट्रेशन होत नाही, आणि रजिस्ट्रेशन नाही म्हणजे तुम्ही नर्स नाही, मग भिंतीवर कितीही मोठं सर्टिफिकेट लावा. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२० च्या नियमांत नर्सिंग, मेडिकल, डेंटल, फार्मसी, फिजिओथेरपी, पॅरामेडिकल अशा कोर्सेसना डिस्टन्सची दारं बंदच ठेवलीत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आणखी एक पाऊल पुढे गेले, २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्याचा आधार घेऊन सांगितलं की मानसशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, फूड अँड न्यूट्रिशन, क्लिनिकल न्यूट्रिशन असे विषयसुद्धा जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून डिस्टन्स किंवा ऑनलाइन चालवायचे नाहीत. तेव्हा कोणी आजही "डिस्टन्स डायटेटिक्सची डिग्री देतो, बॅकडेटमध्ये ॲडमिशन करून देतो" म्हणत असेल तर तिथून सरळ निघा, चहासुद्धा घेऊ नका.

आणि नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं काय? यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, खरं आहे, मान्यताप्राप्त आहे, अनेकांचं अर्धवट राहिलेलं शिक्षण तिथे पूर्ण झालंय. पण मुक्त विद्यापीठाचं आरोग्याशी संबंधित सर्टिफिकेट मिळालं म्हणून नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये नाव लागत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एजंट लोक नेमकं इथेच धूसर बोलतात.

मग माझी मैत्रीण इग्नूमधून पोस्ट बेसिक करतेय ती फसली का?

नाही हो, ती आधीच नर्स आहे ना! इग्नूचं (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं) पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग हे जीएनएम झालेल्या, रजिस्टर्ड, काही वर्षं नोकरी केलेल्या सिस्टर-ब्रदरसाठी आहे, त्याला एन्ट्रन्स असते आणि प्रॅक्टिकलला सेंटरवर जावंच लागतं. म्हणजे पुस्तकं घरी आणि काम वॉर्डात. फक्त प्रवेशाची त्या वर्षीची नोटीस आणि सेंटरची यादी स्वतः डोळ्याने वाचा, गेल्या वर्षी अमकीला जवळचं सेंटर मिळालं म्हणून तुम्हाला मिळेल असं नसतं.

तर मग घरबसल्या नक्की काय करता येतं?

जे काम तुम्ही आधीच करताय त्यातलं ज्ञान ताजं ठेवणं. इन्फेक्शन कंट्रोल, औषधांची सुरक्षितता, टीबीच्या उपचारातले बदल, बीपी-शुगरचं स्क्रीनिंग, मानसिक आरोग्य, नवजात बाळाची काळजी, पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणं. नवीन पदवी नाही, पण रजिस्ट्रेशन रिन्यू करताना लागणारे तास यातून भरू शकतात आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी शिकलेलं जे आता बदललंय ते कळतं.

रिन्यूअलला किती तास लागतात?

नर्सेससाठी इंडियन नर्सिंग कौन्सिलचा हिशेब ५ वर्षांत १५० तास, म्हणजे वर्षाला ३०. डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे ५ वर्षांत ३० क्रेडिट लागतात. फार्मासिस्टना २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिसच्या नियमांप्रमाणे ५ वर्षांत किमान २ रिफ्रेशर, प्रत्येकी निदान एक दिवसाचा.

वर्षाला ३० तास म्हणजे महिन्याला अडीच तास, काहीच नाही खरं तर. पण आपल्याकडे सगळ्या पाचव्या वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांत जाग्या होतात आणि मग मिळेल त्या वेबिनारला कॅमेरा बंद करून बसतात, एका कानात इअरफोन आणि दुसरीकडे कुकरची शिट्टी. तास भरतात, डोक्यात काही जात नाही.

कुठल्याही ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट कौन्सिलला चालतं का?

नाही, आणि हेच लोक कोर्स झाल्यावर विचारतात. आधी विचारा. बघायचं काय तर, कोर्स किंवा वेबिनारला तुमच्या कौन्सिलने क्रेडिट दिलेत का, किती दिलेत, आणि सर्टिफिकेटवर तुमचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर, तारीख, क्रेडिटचे तास हे सगळं छापून येतं का. "इंटरनॅशनली ॲक्रेडिटेड" असं सोनेरी अक्षरात लिहिलेलं असतं त्याला महाराष्ट्राच्या कौन्सिलच्या टेबलावर किंमत नाही. आयोजकांना एक साधा मेसेज टाका की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचे क्रेडिट अवर्स मंजूर आहेत का, मंजुरीचं पत्र दाखवा. ज्यांच्याकडे असतं ते दोन मिनिटांत पाठवतात, ज्यांच्याकडे नसतं ते तुम्हाला भविष्यातल्या संधींबद्दल सांगायला लागतात.

याचा अर्थ बिनक्रेडिटचे कोर्स करू नका असा अजिबात नाही. मी तर म्हणेन काही उत्तम कोर्सेसना इथले क्रेडिट नसतात. फक्त एक शिकण्यासाठी करताय की रिन्यूअलसाठी हे सुरुवातीलाच ठरवा.

आयगॉटवर माझे कर्मा पॉइंट्स खूप झालेत, ते क्रेडिट अवर्समध्ये धरतात का?

नाही. कर्मा पॉइंट्स त्या प्लॅटफॉर्मचे. आयगॉट कर्मयोगी हे सरकारी कर्मचाऱ्यांचं ऑनलाइन ट्रेनिंग, सरकारी नोकरीत असाल तर कराच, ऑफिसातून विचारणा होतेच आणि मोबाईलवर सहज होतं, पण कौन्सिलचा हिशेब वेगळा.

फुकटात चांगलं काय आहे?

स्वयम बघा, २०१७ मध्ये सुरू झालेला केंद्राचा प्लॅटफॉर्म. शिकणं फुकट, सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेची फी, आणि ती परीक्षा सेंटरवर जाऊन द्यायची, घरून नाही, त्यामुळे त्या सर्टिफिकेटला वजन आहे. दिल्लीच्या एनआयएचएफडब्ल्यू या केंद्राच्या आरोग्य प्रशिक्षण संस्थेचं सक्षम नावाचं पोर्टल आहे, ते खास आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच. टीबीच्या कामातल्यांना टीबीचं ऑनलाइन ट्रेनिंग देणारं स्वस्थ ई-गुरुकुल माहीत असेलच. डब्ल्यूएचओचे कोर्स आधी ओपनडब्ल्यूएचओवर असायचे, कोविडच्या काळात आपल्यातल्या कित्येकांनी पीपीईचा कोर्स तिथेच केला, आता ते काम डब्ल्यूएचओ अकॅडमीकडे गेलंय, फ्रान्समधल्या लिओनला तिचं केंद्र २०२४ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं.

मानसिक आरोग्यात रस असेल तर बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेची डिजिटल अकॅडमी, २०१८ पासूनची. डॉक्टर, नर्स, सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर यांच्यासाठी वेगवेगळे कोर्स आहेत. हे सगळंच फुकट नाही आणि सोपंही नाही, केस मांडायला लावतात. ठाण्यात एवढं मोठं मनोरुग्णालय असूनही जनरल वॉर्डातल्या आपल्याला पॅनिक अटॅक आणि हार्ट अटॅक यातला फरक कसा ओळखायचा, आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्याशी काय बोलायचं आणि काय नाही, हे कोणी नीट शिकवलेलं नसतं. त्यामुळे माझी शिफारस यालाच.

सगळं इंग्रजीतच असतं का? वाचून दमायला होतं.

बरंच इंग्रजीत, काही हिंदीत, मराठीत वाढतंय पण कमी. मराठी असलं तरी कधीकधी इतकं अवघड असतं की इंग्रजी परवडलं, "अधिश्वेत रक्तता" वगैरे. माझा उपाय असा की व्हिडिओ आधी इंग्रजीतच बघायचा, सबटायटल लावून, स्पीड कमी करून, आणि मग ज्या सिस्टरला कळलंय तिने बाकीच्यांना आपल्या भाषेत दहा मिनिटांत सांगायचं. सांगणारीचं पक्कं होतं, ऐकणाऱ्यांचं सोपं होतं.

नाइट झाल्यावर अभ्यास कधी करायचा? डोळे उघडत नाहीत.

नाइटनंतर करूच नका. खरंच. सकाळी आठला हँडओव्हर देऊन, घरी येऊन, मुलांचे डबे झाल्यावर जो तासभर मिळतो तो झोपेचा आहे. लोक सांगतात "नाइटला वॉर्ड शांत असतो तेव्हा बघ व्हिडिओ", मला ते पटत नाही, इअरफोन घातलेली सिस्टर आणि मॉनिटरचा अलार्म ही जोडी धोक्याची.

मॉर्निंग शिफ्टच्या आठवड्यात दुपारी चारनंतरचा अर्धा तास, आणि ऑफच्या दिवशी एक तास, एवढंच धरा. ठाण्याहून वाशी-नेरूळला जाणाऱ्या असाल तर ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये बसायला मिळालं तर अर्धा तास सहज मिळतो, त्यात व्हिडिओ नको, आधी बघितलेल्या धड्याचे प्रश्न सोडवा. उजळणीचं गणित जुनं आहे, एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की शिकलेलं सुरुवातीलाच सगळ्यात भराभर विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग कमी होतो. म्हणून एका रविवारी पाच तास बसण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं, आठवड्याने दहा मिनिटं असं परत बघितलेलं जास्त टिकतं. टार्गेट महिन्याला अडीच-तीन तासांचंच ठेवा, त्याहून मोठं ठेवलं की दुसऱ्या आठवड्यात बंद पडतं.

शहापूर-मुरबाडकडे रेंजच येत नाही, तिथल्यांनी काय करायचं?

ठाणे जिल्हा म्हटलं की लोकांना विवियाना मॉल आठवतो, पण याच जिल्ह्यात असे पाडे आहेत जिथे फोन लावायला टेकाडावर चढावं लागतं. तिथे लाइव्ह वेबिनार ठेवणं म्हणजे हजेरी लावायला लावणं. डाऊनलोड होणारे कोर्स निवडा, पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) मीटिंगला तालुक्याला याल तेव्हा वायफायवर उतरवून घ्या, क्वालिटी कमी ठेवा. पीडीएफ आणि ऑडिओ व्हिडिओपेक्षा कितीतरी हलके, आणि ऑडिओ तर चालता चालता ऐकता येतो. कोर्स बनवणाऱ्यांनी कृपया दोन तासांचं रेकॉर्डिंग जसंच्या तसं टाकू नये, सात-आठ मिनिटांचे तुकडे करा, अर्ध्यात तुटलं तर पहिल्यापासून बघावं लागू नये.

डेटाचे पैसे? माझं स्पष्ट मत, ट्रेनिंग कंपल्सरी असेल तर रिचार्जही ऑफिसने द्यावा.

मी आशा आहे. आमच्यासाठी मोबाईलवरचं ट्रेनिंग पुरेसं आहे का?

ताई, पुरेसं नाही, पण उपयोगी खूप आहे. तुमचं मूळ ट्रेनिंग प्रत्यक्षच असतं, मॉड्यूल ६ आणि ७ तर मुद्दाम हाताने करायच्या कौशल्यांचे आहेत. हॉस्पिटलात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा बाळाच्या घरी तुमच्या ६ भेटी, घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून ७. त्यात बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, श्वास मोजायचे.

आता यातलं मोबाईलवर काय शिकता येतं बघा. श्वास मोजणं आणि छाती आत ओढली जाणं ओळखणं, हे व्हिडिओवर वर्गापेक्षा चांगलं शिकता येतं. कारण वर्गात तसं आजारी बाळ आणता येत नाही, आणि व्हिडिओ दहा वेळा मागे घेऊन बघता येतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास म्हणजे धोक्याची खूण, आणि मोजायचे पूर्ण एक मिनिट, अर्धा मिनिट मोजून दुप्पट नाही, कारण लहान बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. घड्याळ लावून व्हिडिओतल्या बाळाचे श्वास मोजा, शेजारच्या ताईलाही मोजायला सांगा, आकडे जुळतात का बघा. हा सराव घरात बसून होतो.

पण वजनकाट्यात बाळ ठेवणं, वजनाची झोळी नीट धरणं, आईला स्तनपानाला कसं बसवायचं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे सासूबाईंसमोर हे सगळं बोलायचं कसं, यासाठी गटप्रवर्तक ताईंना (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या) सोबत घेऊन दोन-चार घरं फिरणं याला पर्याय नाही. आशांच्या सर्टिफिकेशनची परीक्षा एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा घेते, तुमच्या तालुक्यात बॅच लागली की नाव द्या, सोडू नका.

सीपीआर ऑनलाइन शिकता येतो का?

सीपीआर म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून आणि श्वास देऊन केलेली मदत. त्याची माहिती शिकता येते, सीपीआर नाही. मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसात निदान ५ सेंटीमीटर खोल पण ६ च्या वर नको, ३० दाबांना २ श्वास, हे मोबाईलवर पाठ होईल. पण ५ सेंटीमीटर म्हणजे किती हे फक्त तुमच्या खांद्यांना कळतं, आणि दोन मिनिटांत किती दमायला होतं तेही. म्हणूनच बीएलएसचे (बेसिक लाइफ सपोर्ट, ज्यात सीपीआर येतो) चांगले ऑनलाइन कोर्ससुद्धा थिअरी घरी करून घेतात आणि मॅनिकिनवर म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर हात चालवायला सेंटरवर बोलावतात. कार्ड साधारण २ वर्षं चालतं, हाताची सवय मात्र काही महिन्यांतच उतरते, तेव्हा वॉर्डात मॅनिकिन असेल तर ते कपाटात कुलूप लावून ठेवू नका. आपल्याकडे वस्तू खराब होईल म्हणून न वापरण्याची फार हौस.

तोच नियम सलाईन लावणं, कॅथेटर, सक्शन, टाके काढणं यांना. व्हिडिओ आधी बघा, मग सीनियरच्या नजरेखाली करा.

ते इको इको म्हणतात ते काय? ईसीजीशी संबंध आहे का?

नाही नाही, हार्टचा टूडी इको वेगळा. हा प्रोजेक्ट इको, आणि डिस्टन्स लर्निंगमधला मला सगळ्यात आवडलेला प्रकार हाच, त्यामुळे थोडं लांबेल.

अमेरिकेत न्यू मेक्सिको नावाचं राज्य आहे, मोठं आणि विरळ वस्तीचं. तिथे डॉ. संजीव अरोरा हे लिव्हरचे डॉक्टर, आपल्याच देशातून गेलेले. हेपेटायटिस सीचे पेशंट महिनोन् महिने अपॉइंटमेंटसाठी थांबायचे आणि शेकडो किलोमीटरवरून यायचे. त्यांनी २००३ मध्ये असं केलं की पेशंटला शहरात आणण्याऐवजी गावातल्या डॉक्टर-नर्सलाच दर आठवड्याला व्हिडिओवर जोडून घेतलं, त्यांनी आपले पेशंट मांडायचे, नाव न सांगता, आणि तज्ज्ञांसोबत सगळ्यांनी मिळून ठरवायचं काय करायचं. भाषण थोडं, केस जास्त. २०११ मध्ये याचा अभ्यास छापून आला, गावातल्या सेंटरवर उपचार झालेल्यांत बरं होण्याचं प्रमाण ५८.२ टक्के आणि युनिव्हर्सिटीच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के. म्हणजे गावातला डॉक्टर कुठेच कमी पडला नाही.

आपल्याकडे निम्हान्सने हे उचललं, आणि टाटा मेमोरियल ज्याच्या मध्यभागी आहे त्या नॅशनल कॅन्सर ग्रिड या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्यात व्हर्च्युअल ट्यूमर बोर्ड, म्हणजे तज्ज्ञांनी ऑनलाइन मिळून केलेली केसची चर्चा, असेच चालतात. खारघरला ॲक्ट्रेक हे टाटाचं कॅन्सर केंद्र आपल्या दाराशी आहे, पण केमो घेऊन घरी गेलेला पेशंट ताप आला की येतो तुमच्या कोपरखैरणेच्या नर्सिंग होममध्येच, तेव्हा त्या रात्री ड्युटीवर असलेल्या सिस्टरला माहीत हवं की केमोनंतरचा ताप म्हणजे सकाळपर्यंत थांबायची गोष्ट नाही. असं ज्ञान एकतर्फी व्हिडिओतून मिळेलही, पण स्वतःचा पेशंट मांडून त्यावर चार लोकांनी प्रश्न विचारले की ते आयुष्यभर राहतं. निवड करायची वेळ आली तर जिथे तुम्हाला केस मांडता येते तो कोर्स घ्या, बाकी सारखं असताना.

मी उपकेंद्रात सीएचओ आहे, मला वेगळा कोर्स करायला वेळच नाही.

ई-संजीवनी या सरकारच्या ऑनलाइन सल्ल्याच्या सेवेवर तुम्ही रोज डॉक्टरांना पेशंट दाखवताच ना, तोच तुमचा वर्ग समजा. कॉल संपवायच्या आधी एक प्रश्न विचारायचा, "सर, हे औषध का बदललं?" किंवा "मॅडम, मी यात काय आधी बघायला हवं होतं?" आणि वहीत दोन ओळी लिहायच्या. गर्दीच्या दिवशी नाही जमणार, गुरुवारी जमेल.

आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पेशंटचे फोटो टाकून चर्चा करतो. चालतं ना?

चर्चा चालते, फोटो असे टाकू नका. चेहरा, नाव, केसपेपरचा नंबर, हातावरचा टॅटू, बेडमागची पाटी, काहीही ओळखू येता कामा नये, आणि पेशंटची परवानगी हवी. फोटो गॅलरीत आपोआप सेव्ह होतो आणि तिथून घरातल्या कुणाच्याही हातात जातो हे विसरायला होतं. जखम दाखवायचीच असेल तर फक्त जखम. आणि ग्रुपवर फिरत आलेला औषधाचा डोस कितीही मोठ्या डॉक्टरच्या नावाने असला तरी प्रोटोकॉल बघितल्याशिवाय वापरायचा नाही.

वय पन्नास झालंय, कॉम्प्युटर जमत नाही, आता काय शिकणार?

व्हॉट्सॲपवर रेसिपीचे व्हिडिओ बघता ना? मग जमतं. लॉगिन, पासवर्ड आणि ओटीपी एवढीच अडचण असते, ती कुठल्याही नवीन जीएनएमच्या मुलीकडून एकदा करून घ्या. बदल्यात तिला शिरा न मिळणाऱ्या पेशंटला आयव्ही कशी लावायची ते शिकवा, दोघींचा फायदा.

कोर्स केला तर पगार वाढतो का?

बहुतेक ठिकाणी नाही. सर्टिफिकेट बघून लगेच इन्क्रिमेंट देणारं नर्सिंग होम मी तरी बघितलेलं नाही. नोकरी बदलताना आणि डायलिसिस, आयसीयू, इन्फेक्शन कंट्रोल अशा खास जागांसाठी इंटरव्ह्यूला मात्र फरक पडतो, तोही तुम्ही त्याबद्दल चार वाक्यं नीट बोललात तर.

मॅनेजमेंट म्हणते ट्रेनिंग तुमच्या वेळेत करा. बरोबर आहे का?

बरोबर नाही. इन्फेक्शन कमी झालं, औषधांच्या चुका कमी झाल्या तर फायदा हॉस्पिटलचा, मग वेळ एकट्या सिस्टरचाच का? ऑनलाइन झाल्यापासून हे वाढलंय, आधी ट्रेनिंगला पाठवायचं तर ड्युटी ॲडजस्ट करावी लागायची, आता "घरी बघून घ्या" म्हटलं की झालं. भांडून होत नाही पण इन-चार्ज सिस्टरनी रोस्टर लावतानाच महिन्यातून दोन तास धरले, दुपारच्या ओव्हरलॅपमध्ये, दोन-दोन जणींचे, तर वॉर्ड अडत नाही. विचारताना लेखी विचारा आणि सोबत कौन्सिलचे १५० तास लिहा, एनएबीएच म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाची मान्यता हवी असलेल्या हॉस्पिटलला ट्रेनिंगच्या नोंदी दाखवाव्याच लागतात, तो मुद्दा लगेच कळतो.

सर्टिफिकेट्स कुठे ठेवायची? मोबाईल बदलला की जातात.

मिळालं त्या दिवशीच पीडीएफ स्वतःला ईमेल करायचं, फाइलच्या नावात वर्ष, विषय आणि तास लिहून. एका वहीत किंवा एक्सेलमध्ये तासांची बेरीज, आणि प्रिंट फक्त क्रेडिटवाल्यांची. रजिस्ट्रेशन कधी संपतं ती तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये सहा महिने आधीचा अलार्म लावून टाका, आत्ताच, हे वाचताय तोवर.